३१ इंची टायर आणि क्राऊन-पिनियनचा हिशोब: साताऱ्याच्या घाटांसाठी रेशो निवडताना

जुन्या महिंद्रा जीपचे २१५/७५ आर १५ टायर काढून ३१ × १०.५ आर १५ चढवले, की पहिल्या दिवशी गाडी देखणी दिसते आणि दुसऱ्या दिवशी यवतेश्वर घाटात तिसऱ्या गिअरला दम टाकते. इंजिन तेच असतं, गिअरबॉक्सही तोच. चाकाचा घेर मात्र वाढलेला असतो. चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते आणि त्या प्रमाणात पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर वर सरकतात. ते परत जागेवर आणायचे तर अ‍ॅक्सलमधला क्राऊन-पिनियन (शाफ्टकडचा छोटा दातेरी पिनियन आणि चाकांकडचा मोठा दातेरी क्राऊन यांची जोडी) बदलावा लागतो; क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे तिचा रेशो. कोणता घालायचा, हे ठरवण्यातच निम्मं काम आहे.

इथं लिहिलंय ते अशाच एका जीपवर साताऱ्यात केलेल्या कामाबद्दल. टर्बो नसलेलं साधं डिझेल इंजिन, पाच गिअर, ट्रान्स्फर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला देणाऱ्या डब्याच्या) लो रेंजचा रेशो २.४६, मागं डाना ४४ कुळातला अ‍ॅक्सल, पुढं लॉकिंग हब (पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडायची-सोडायची सोय). गिअरबॉक्सचे आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत: पहिला ४, दुसरा २.४, तिसरा १.५, चौथा सरळ १ आणि पाचवा ०.८५. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते घालून हाच हिशोब पुन्हा करा.

आधी टायर मोजा

टायरवर ३१ लिहिलंय म्हणून व्यास ३१ इंचांचा धरू नका. ३१ इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर, त्याचा घेर २,४७३ मिलिमीटर. पण हा आकडा नव्या कोऱ्या, वजन नसलेल्या टायरचा, आणि तोही कागदावरचा. गाडीखाली टायर दबतो आणि हवा कमी केली की अजून दबतो.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा. रस्त्यावर ठेवता तेवढीच हवा भरा आणि चालवणाऱ्याला सीटवर बसवा. टायरच्या बाजूवर सगळ्यात खालच्या बिंदूला खडूनं उभी रेघ ओढा, तिच्यासमोर जमिनीवर दुसरी रेघ मारा. मग गाडी ढकलत चाकाच्या बरोबर १० फेऱ्या होऊ द्या, पुन्हा जमिनीवर रेघ मारा आणि टेपनं अंतर घ्या. एकाच फेरीवर मोजलं तर खडूच्या रेघेची जाडीसुद्धा हिशोब बिघडवते. दहा फेऱ्यांत ती चूक दहावा भाग उरते.

या गाडीवर जुने टायर दहा फेऱ्यांत २१ मीटर ४३ सेंटिमीटर गेले, नवे २३ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीला २.१४३ आणि २.३६ मीटर. वाढ १०.१ टक्के. नुसत्या नावावरून हिशोब केला असता, तर ७०३.५ वरून ७८७ म्हणजे जवळपास १२ टक्के आली असती. फरक लहान वाटतो, पण दोन रेशोंच्या मधोमध अडकल्यावर हाच निकाल देतो. आणखी एक गोष्ट धरून ठेवा. चिखलाच्या टायरची नक्षी जाड असते. ती १० मिलिमीटर झिजली की घेर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त घटतो, म्हणजे सुमारे २.७ टक्के. नवा टायर मोजून निवडलेला रेशो टायर झिजेल तसा थोडा अजून खालचा, म्हणजे आकड्यानं मोठा असल्यासारखा, वाटत जाणार.

मूळ रेशो ऐकीव धरू नका

जुन्या जीपच्या बाबतीत ‘हिला अमुकच रेशो येतो’ असं कुणीही छातीठोकपणे सांगितलं तरी दात मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. या गाड्यांचे अ‍ॅक्सल गेल्या तीस-चाळीस वर्षांत कितीदा बदलले गेलेत याची नोंद कुठंच नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता, नंतरच्या सीजे-३बीला ५.३८. भंगारातून आलेल्या अ‍ॅक्सलमध्ये यातलं काहीही निघू शकतं.

अ‍ॅक्सल न उघडता मोजायचं तर मागचं एकच चाक उचला आणि खाली घोडी लावा. ज्या जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागं प्रोपेलर शाफ्टवर (तिथून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर) असतो, तिथं तो सोडल्याशिवाय शाफ्ट फिरणार नाही. एक चाक हवेत असताना तो ओढून ठेवला तरी गाडी धरत नाही, कारण डिफ्रन्शियल हवेतलं चाक मोकळं फिरू देतं. म्हणून जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. घाईत लोक हेच विसरतात.

गिअर न्यूट्रलमध्ये टाका, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक हातानं २० फेऱ्या फिरवा. दुसरं चाक जमिनीला धरलेलं असल्यानं क्राऊन त्याच्या निम्म्याच, म्हणजे १० फेऱ्या फिरतो. तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजा. आमच्या गाडीवर सव्वासदतीसच्या किंचित पुढं गेला, म्हणजे ३.७३. नंतर हाऊसिंग उघडल्यावर क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात निघाले; ४१ भागिले ११ म्हणजे ३.७२७. पुढच्या अ‍ॅक्सलवरही हेच करा, फक्त हब लॉक करून. हब मोकळे ठेवले तर चाक फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही.

आकडे कसे वाचायचे

इंजिनचे फेरे काढायचं सूत्र एकच. ताशी किलोमीटरला १६.६७ नं गुणलं की मिनिटाला किती मीटर ते मिळतं. त्याला टायरच्या घेरानं भागा, म्हणजे चाकाचे फेरे आले. त्यांना अ‍ॅक्सलच्या रेशोनं आणि चालू गिअरच्या रेशोनं गुणा.

सरळ सूत्रानं जुनी स्थिती परत आणायची तर ३.७२७ ला १.१०१ नं गुणायचं: ४.१०. बाजारात मिळणाऱ्या जोड्या मात्र ठरावीक दातांच्याच असतात: ४७/११ म्हणजे ४.२७, ४१/९ म्हणजे ४.५६, ३९/८ म्हणजे ४.८८, ४३/८ म्हणजे ५.३८. घाटात ताशी ३० किलोमीटरनं तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला किती फिरतं ते मांडलं, तर चित्र असं दिसतं:

जुने टायर, ३.७३: १,३०४
नवे टायर, ३.७३: १,१८५
नवे टायर, ४.२७: १,३५८
नवे टायर, ४.५६: १,४४८
नवे टायर, ४.८८: १,५४९
नवे टायर, ५.३८: १,७०८

१,१८५ फेऱ्यांवर साधं डिझेल इंजिन चढाला थरथरतं, काळा धूर सोडतं आणि बेअरिंगवर मार खातं. दुसऱ्या गिअरला आलं तर ते १,९०० च्या जवळ जाऊन ओरडतं आणि गाडी ३० च्या वर सरकत नाही. मेढ्याहून केळघर घाट चढताना वळणागणिक दुसरा-तिसरा करत राहावं लागतं ते यामुळे. रेशो निवडताना आमच्या मते सगळ्यात आधी ही एकच ओळ बघावी: ज्या वेगानं तुमची गाडी खरोखर घाट चढते, त्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कुठं उभं राहतं.

आता ४.२७ घातला की मूळ स्थितीच्या थोडंसं पुढंच गेलो, मग तेवढं पुरे झालं, असं वाटेल. आमचं मत उलटं आहे. सूत्र फक्त घेर बघतं, वजन बघत नाही. ३१ चा टायर नुसता उंच नसतो, रुंद आणि जडही असतो, आणि ते वजन चाकाच्या कडेला असतं. वळणातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी ते वजन पुन्हा फिरवायला इंजिनला खस्ता खाव्या लागतात. त्यात आपल्याकडची उंची आली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरच्या आसपास आहे. तिथं हवा सुमारे १२ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनला जवळपास तेवढीच ताकद कमी मिळते. सपाटीवरच्या माणसानं सूत्रानं ४.१० काढून ४.२७ घातला तर त्याचं भागेल. साताऱ्यातून कास, बामणोली, चाळकेवाडी, महाबळेश्वर करणाऱ्यानं सूत्राच्या उत्तरापेक्षा निदान एक पायरी खाली, म्हणजे मोठ्या आकड्याकडे, जावं.

उताराकडे तर कुणी बघतच नाही. मोठ्या टायरनं चढाला जेवढी अडचण होते, तेवढीच उताराला धोका वाढतो, कारण इंजिनचा ब्रेक त्याच प्रमाणात ढिला पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांवर ही गाडी जुन्या टायरवर ताशी ३६ किलोमीटर धरायची. नव्या टायरवर, जुन्याच रेशोला, ती ४० धरते. ४.२७ ला ती ३४.५ वर येते आणि ४.८८ ला ३० वर. चाकातल्या ड्रम ब्रेकला मोठा टायर आधीच लांब दांड्यासारखा उलटा जोर देतो. त्यात इंजिन कमी धरायला लागलं की पाय सारखा ब्रेकवर राहतो. पसरणी घाट उतरताना अर्ध्या वाटेत ब्रेक लायनरचा जळका वास येऊ लागला, की तो रेशोचाही प्रश्न आहे हे ओळखावं. अ‍ॅक्सल रेशो बदलल्यानं चाकाचे ब्रेक सुधारत नाहीत, त्यांच्यावरचं काम कमी होतं. लायनर, व्हील सिलिंडर आणि ड्रम हे याच कामात उघडून बघून घ्यावेत.

दुसऱ्या बाजूला हायवे आहे. पुण्याला जायचं म्हणजे खंबाटकी आणि बाकी सगळा सरळ रस्ता. ताशी ८० ला पाचव्या गिअरमध्ये फेरे असे येतात: मूळ गाडी १,९७१, नवे टायर जुना रेशो १,७९०, मग ४.२७ ला २,०५२, ४.५६ ला २,१८८, ४.८८ ला २,३४१ आणि ५.३८ ला २,५८१. १,७९० ला पाचवा गिअर फक्त नावाला उरतो. साध्या चढालाही चौथा मागतो. २,३४१ म्हणजे मूळ गाडी चौथ्यात ८० ला जेवढी फिरायची तेवढंच. त्यामुळे पाच गिअरच्या गाडीला ४.८८ चालून जातो. गिअरबॉक्स चार गिअरचा असेल आणि चौथा सरळ १ असेल, तर मात्र ४.८८ ला ८० वर २,७५४ फेरे पडतात. तासभर तसं चालवणं कानाला आणि इंजिनला दोन्हीला जड जातं. अशा गाडीला आम्ही ४.२७ च सांगू.

या गाडीला मनातून ४.५६ हवा होता. पण पुढचा आणि मागचा अशा दोन्ही अ‍ॅक्सलला त्याची चांगली जोडी हाती लागेना. मागची मिळे, पुढची नाही. म्हणून ४.८८ ठरला. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला एकूण गुणाकार ३६.७ वरून ४८ वर गेला. ८०० फेऱ्यांच्या आयडलवर मोठ्या टायरसकट गाडी ताशी ३.१ किलोमीटरऐवजी २.४ नं सरकते, आणि ओल्या जांभ्या दगडावरून क्लच न दाबता उतरता येतं.

५.३८ वर जायचा मोह ३१ च्या टायरला टाळावा. साध्या रेंजचा पहिला गिअर २,५०० फेऱ्यांना साडेसोळाच्या वेगावरच संपतो. पिनियनला दात आठच राहतात, पण तेवढ्याच व्यासाच्या क्राऊनवर ३९ ऐवजी ४३ दात बसवायचे म्हणजे ते बारीक होतात. खडकात एक चाक अडकलं असताना लो रेंजमध्ये पाय दाबला की आधी तेच तुटतात.

कॅरिअरचा घोळ

नवा क्राऊन-पिनियन आणला, हाऊसिंग उघडलं, क्राऊन बोल्टनं बसवला आणि पिनियनला तो लागेचना, असा प्रसंग या कामात हमखास येतो. कारण कॅरिअर असतो, म्हणजे ज्या डब्यावर क्राऊन बसतो आणि ज्याच्या पोटात स्पायडर गिअर असतात तो. आठ दातांचा पिनियन अकरा दातांच्या पिनियनपेक्षा व्यासानं लहान. त्याला गाठायला क्राऊन तेवढा त्याच्याकडे सरकलेला हवा. म्हणून डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या आकड्यांना एक कॅरिअर, तर ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरा येतो. दोन्हींत क्राऊन बसायची कड वेगळ्या जागी असते. ३.७३ च्या गाडीला ४.२७ घाला किंवा ४.८८, कॅरिअर बदलणं आलंच. नाहीतर त्या जुन्या कॅरिअरसाठी बनवलेला जाड क्राऊन शोधावा लागतो. कुणी मध्ये जाड वॉशर घालून जमवतो म्हणाला तर गाडी तिथून काढून घ्या.

पुढच्या अ‍ॅक्सलला ही सीमा वेगळ्या आकड्यावर असू शकते, त्यामुळे मागं चाललं म्हणून पुढंही चालेल असं समजू नका. जोडी विकत घेतानाच कॅरिअर हातात घेऊन कडेचं अंतर दोन्हींवर मोजून बघा. वापरलेली जोडी घेताना क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडी क्रमांक एकच आहे ना ते पाहा. हे दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात. एका जोडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन कितीही चांगल्या स्थितीत असले तरी एकत्र ओरडणार.

बसवणं

इथं घाई करून चालत नाही. अर्ध्या दिवसात अ‍ॅक्सल बांधून देणारा मिस्त्री शिमला (पिनियनची जागा जुळवायच्या पातळ चकतीला) हातसुद्धा लावत नाही, जुनी शिम तशीच ठेवतो. या गाडीवर पहिल्या खेपेला तेच झालं. पिनियनच्या तोंडावर कोरलेला बारीक आकडा वाचायचा राहिला. गाडी ५० ते ६० च्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असताना घुमायला लागली आणि पाय काढला की आवाज बदलायचा. सगळं पुन्हा उघडावं लागलं.

तो आकडा +२, −१ असा असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. डानाच्या अ‍ॅक्सलमध्ये शिम पिनियनला क्राऊनच्या मध्याकडे ढकलते. अधिकचा आकडा म्हणजे त्या पिनियनला तेवढं मागं बसायचंय, म्हणून शिम पातळ. वजाचा म्हणजे शिम जाड. आमचा जुना पिनियन −२ चा होता, नवा +१ चा. फरक तीनचा, म्हणजे शिम ०.०७६ मिलिमीटरनं पातळ हवी होती. जुनी तशीच राहिल्यानं पिनियन जास्त आत घुसला होता. वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीएवढ्या फरकानं अख्खी गाडी ओरडते, हे हातानं केल्याशिवाय पटत नाही.

हा आकडा सुरुवात करायला असतो, खात्री दातांवरच्या ठशानंच होते. निळा किंवा पिवळा मार्किंग पेस्ट मिळाला तर उत्तम; नसेल तर जुने फिटर शेंदूर तेलात दाटसर कालवून लावतात. शेंदरात शिसं असतं, हातमोजे घाला आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा. क्राऊनच्या पाच-सहा दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर द्या. एकानं क्राऊनला लाकडी दांड्यानं हलका अडसर द्यायचा, दुसऱ्यानं पिनियन पान्यानं फिरवायचा. अडसर नसेल तर ठसा फिका आणि खोटा उमटतो. मग दिव्याखाली बघा: रंग पुसला जाऊन धातू उघडा पडलेला तो लांबट ठसा दाताच्या मध्यावर, माथा आणि बुडाच्या मधोमध हवा. बुडाकडे दाटला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. माथ्याच्या कडेला पळाला असेल तर शिम वाढवा. दाताच्या आतल्या टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ आहे. बाहेरच्या टोकाकडे गेला असेल तर फार लांब. पहिल्या दोन गोष्टी पिनियनच्या शिमनं सुटतात, नंतरच्या दोन कॅरिअरच्या दोन बाजूंच्या शिमांची अदलाबदल करून. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही आणि सगळा दिवस त्यातच जातो. आमचा ठसा चौथ्या खेपेला जागेवर आला.

क्राऊनचा प्ले (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजनं मोजा. गेजचा चुंबकी स्टँड हाऊसिंगच्या कडेला, टोक क्राऊनच्या दाताला काटकोनात. पिनियन पक्का धरून क्राऊन मागं-पुढं हलवा, ०.१३ ते ०.२३ मिलिमीटरच्या मध्ये आलं पाहिजे. क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजा. एका ठिकाणी ०.१५ आणि समोर ०.२५ येत असेल तर क्राऊन वाकडा बसलाय. बहुधा कॅरिअरच्या कडेला जुना मळ किंवा बर (धातूची उठलेली बारीक कड) राहिलेला असतो. हातानं हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याचा हात कितीही मुरलेला असो, ०.१५ आणि ०.३० मधला फरक बोटाला खात्रीनं कळत नाही.

पिनियनच्या बेअरिंगचा ताण नव्या बेअरिंगला २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर हवा, ऑइल सील बसवायच्या आधी मोजलेला. त्यासाठी महागडं हत्यार लागत नाही. फ्लँजवर (पिनियनला प्रोपेलर शाफ्ट जिथं जोडतात त्या चकतीवर) सुतळी गुंडाळा, तिला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि एका लयीत ओढा. सुतळी मध्यापासून ५ सेंटिमीटरवर असेल तर काट्यानं ५ ते ९ किलो दाखवायला हवेत. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, शाफ्ट फिरत असतानाचा आकडा धरायचा. पिनियनचा नट पावणेतीनशे न्यूटन-मीटरला आवळावा लागतो, म्हणून लांब दांडा आणि फ्लँज धरायला भक्कम पट्टी आधीच तयार ठेवा. काही अ‍ॅक्सलमध्ये शिमऐवजी दबणारी बाही असते; ती एकदा जास्त दबली की नट ढिला करून उपयोग नाही, नवीच घालावी लागते.

कॅरिअर हाऊसिंगमध्ये हातानं सहज बसला तर बाजूच्या बेअरिंगना ताणच नाही असं समजा. तो रबरी हातोड्याचे ठोके देतच आत गेला पाहिजे. बेअरिंगच्या टोप्या खुणा करून ज्या बाजूच्या त्याच बाजूला परत लावा. क्राऊनचे बोल्ट नवे, थ्रेड लॉक लावून, समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा.

पुढचा आणि मागचा सारखाच

दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो एकच हवा. ४१/१० आणि ३७/९, म्हणजे ४.१० आणि ४.११ यांतला पाव टक्का चालतो. पण मागं ४.८८ घालून ‘पुढचा नंतर करू’ म्हटलं, तर तोवर फोर बाय फोरचा दांडा ओढायचा नाही. डांबरावर ओढला तर दोन्ही शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात, ट्रान्स्फर केस अडकते आणि दांडा सुटत नाही. पुढं युनिव्हर्सल जॉइंट किंवा गिअरचा दात जातो. काम संपल्यावर खात्री करायला ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाका, हब लॉक करा, दोन्ही प्रोपेलर शाफ्टवर खडूच्या रेघा मारा आणि गाडी सरळ ढकला. चाकाच्या दहा फेऱ्यांत दोन्ही शाफ्ट पावणेएकोणपन्नास फिरले पाहिजेत. हीच तपासणी पुढचे आणि मागचे टायर सारखे झिजलेत का तेही सांगते.

पहिले ८०० किलोमीटर

तेल हायपॉइड गिअरसाठीचं, जीएल-५, ८० डब्ल्यू ९०. भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत. तेच तेल डोळे झाकून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, पितळी सिंक्रो रिंगच्या जुन्या गिअरबॉक्सला त्याच्या पुस्तकात सांगितलेलंच द्या. पहिल्या दिवशी २५-३० किलोमीटर संथ चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. असं दोन-तीनदा. मध्ये थांबून हाऊसिंगला हात लावा: कोमट ते गरम ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगचा ताण जास्त आहे. या काळात ओझं, ट्रेलर आणि घाट तिन्ही टाळा. ८०० किलोमीटरला तेल बदला; निघालेलं तेल रुपेरी दिसेल, ते दात एकमेकांवर बसतानाचं. मात्र चुंबकावर टोकदार कपचा आढळला तर गाडी परत उघडा.

पठारांवरच्या वाटांबद्दल एक सांगणं. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथल्या जांभ्यावरची माती बोटभर जाडीचीही नसते, एकदा चाक फिरलं की ते चरे वर्षानुवर्षं राहतात. मोठे टायर रस्त्यावर आणि वहिवाटीच्या कच्च्या वाटेवरच ठेवा. टायरच्या मापाबद्दल आरटीओत आधीच विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल चालत नाही असं स्पष्ट केलेलं आहे, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस सगळ्यात आधी टायर बघतो.

शेवटी स्पीडोमीटर. त्याची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, त्यामुळे त्याला टायरही कळत नाही आणि अ‍ॅक्सलही. नुसते मोठे टायर घातले तर तो कमी दाखवतो: काटा ६० वर असताना गाडी खरी ६६ नं जात असते, आणि १०० किलोमीटरला मीटर ९१ च मोजतो. ४.८८ बसवल्यावर उलटं होतं. खऱ्या ८० ला काटा ९५ दाखवतो आणि १०० किलोमीटरचे ११९ होतात. टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं आणि रेशो बदलल्यावर एकदम वाढलं, असं वाटतं त्यात मोठा वाटा या मीटरचा असतो. ट्रान्स्फर केसमध्ये केबलच्या टोकाला असलेला छोटा प्लास्टिकचा गिअर जास्त दातांचा मिळाला तर हिशोब बऱ्यापैकी जुळतो. मिळेपर्यंत मीटरच्या किलोमीटरना १.१९ नं भागून तेल बदलण्याची आणि ग्रीसिंगची वही लिहा.